चौथं टेबल

ओस्लोत हिवाळ्यात दुपारी तीनलाच दिवस दुकान बंद करतो.
आम्ही तेव्हा उघडतो.
पाच टेबलं, एकोणीस खुर्च्या
(विसावीचा पाय मामू कधीचे चिकटवणार आहेत),
काचेवर वाफ, वाफेवर कुणा पोराने बोटाने काढलेलं मांजर
आणि रेडिएटरवर वाळत टाकलेले
अनोळखी माणसांचे हातमोजे.

मी पाणी भरते. बिलं करते.
रस्त्यावर बर्फासाठी टाकलेलं मीठ
बुटांना चिकटून आत येतं,
फरशीवर पांढऱ्या रेघा उमटतात.
त्या पुसते, तोवर दार पुन्हा उघडतं.

मामूंची चव गेली ऑक्टोबरात.
तीन दिवसांचा साधा ताप,
जाताना जिभेवरचं सगळं घेऊन गेला.
डॉक्टर म्हणाली, येईल परत, वाट बघा.
खारियाँहून नानीने फोनवर सांगितलं,
काळं मीठ चाटवा.
चाटवलं.
मामू म्हणाले, "खडू."

सव्वीस वर्षं नळीच्या हाडांतून
रात्र रात्र निहारी काढलेला माणूस
पातेल्यासमोर उभा राहिला,
जसं कुणी आपल्याच घराची बेल वाजवून
उभं राहावं.

तेव्हापासून पहिला चमचा चौथ्या टेबलावर जातो.
तिथे तोरब्यर्न बसतो,
बसगाड्यांचा निवृत्त मेकॅनिक,
अंगठ्याच्या नखात अजून ग्रीस.
साठ वर्षं उकडलेल्या बटाट्यावर आणि माशावर काढलेली जीभ.
पहिल्यांदा आला तेव्हा हिरवी मिरची
घेवड्याची शेंग समजून अख्खी चावली,
घळाघळा रडला
आणि दुसऱ्या दिवशी परत आला.

तो चमचा तोंडात धरतो, डोळे मिटतो,
इंजिन ऐकावं तसा ऐकतो.
"आलं कमी."
"मीठ अजून चिमूटभर."
"तळाशी काहीतरी लागलंय. थोडंसंच."
मामू मान हलवतात, आत जातात.
त्याचे पैसे घेत नाहीत.
तो ताटलीखाली नोट सरकवून जातो,
मी ती गल्ल्यात टाकते, कुणाला सांगत नाही.

गेल्या शुक्रवारी मामूंनी मीठ दोनदा घातलं,
एकदा आठवून, एकदा विसरून.
पाचही टेबलं भरलेली. बाहेर बर्फ आडवा येत होता.
चमचा गेला.
तोरब्यर्नने डोळे मिटले, नेहमीपेक्षा जास्त वेळ,
मग उघडून मामूंच्या चेहऱ्याकडे पाहिलं.
रोज मामू विचारतात, "काय कमी?"
त्या दिवशी विचारलं,
"बरी झालीय ना?"

"बरी आहे," तो म्हणाला. "अगदी बरी."

टॅक्सीवाल्या इल्यासचाचांनी पहिल्याच घासाला भुवया उचलल्या.
तोरब्यर्नने ओठांवर बोट ठेवलं.
रात्रपाळीच्या दोन नर्सना कुणी काहीच सांगितलं नव्हतं,
तरी त्या एकमेकींकडे बघून
अजून नान मागत राहिल्या.
दही संपलं. लिंबं संपली.
सोमाली जोडप्याने बाळाला नुसता भात भरवला
आणि जाताना आत डोकावून मामूंना सलाम केला.
मी जग भरत होते, ठेवत होते, भरत होते.

रात्री खुर्च्या टेबलांवर चढवल्या.
बाहेरून नगरपालिकेची गाडी गेली
मीठ उधळत, आमच्या मामूंसारखीच, सढळ हाताने.
मामू भांडी पालथी घालत होते.
"पाण्याचे जग किती गेले?"
"नेहमीइतकेच."
"नळ माझ्या डोक्याशी आहे, पोरी," मामू म्हणाले.
"नाक गेलंय. कान नाही गेले."

मी फडकं पिळत राहिले.
त्यांनी उरलेल्या निहारीवरचं झाकण उचललं,
सवयीने वास घेतला,
पुन्हा झाकलं.

"दोन किलो बटाटे सोल," म्हणाले,
"बटाटा मीठ ओढतो.
उद्या हेच वाढू त्याला. खाऊ दे, खोटारड्याला.
त्याला बटाटा आवडतो."